एचआयव्हीची तपासणी: विचारायचं कसं, सांगायचं कसं? (निपाणी-बेळगाव-खानापूर भागातले डॉक्टर, नर्स, लॅबवाले, आशाताई यांच्यासाठी)

वेदगंगा

निपाणी-चिकोडी पट्ट्यात माझा छोटा दवाखाना आहे. सर्दी-ताप, शुगर, बीपी, तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांचा खोकला, हेच रोजचं. एका विषयावर इथल्या वैद्यकीय मंडळींशी बोलायचं होतं म्हणून धागा काढतोय. बाकीच्यांनीही वाचा, लिहा.

आपल्याकडे एचआयव्हीची तपासणी दोनच तऱ्हांनी होताना दिसते. एक तऱ्हा म्हणजे पेशंटला न विचारता, हिमोग्लोबिन-शुगरच्या कागदावर मुकाट्यानं एक खूण जास्तीची. दुसरी तऱ्हा म्हणजे कधीच नाही, कारण 'चांगल्या घरचा माणूस, त्याला कसं विचारणार?' पहिल्या तऱ्हेत माणसाचा हक्क जातो, दुसरीत त्याची वर्षं जातात. वजन उतरत चाललेला, महिनाभर जुलाब असलेला माणूस तीन दवाखाने फिरून येतो, सगळ्या तपासण्यांची फाईल जाडजूड होते आणि हीच एक तपासणी त्यात नसते.

मध्यंतरी एक गरोदर बाई आली (ओळख पटेल असे तपशील बदललेत). खाजगी लॅबचा कागद हातात, त्यावर 'एचआयव्ही: रिॲक्टिव्ह'. एकाच किटवर केलेली चाचणी. पुढे कुठं जायचं हे कुणी सांगितलेलं नाही. काउंटरवरच्या माणसानं कागद दिला तो सासूच्या हातात, आणि वर तोंडी खुलासाही केला. माझ्याकडे येईपर्यंत तिची माहेरी पाठवणी झालेली होती.

तर प्रश्न तीन. तपासणी कुणाला सुचवता? विचारता कोणत्या शब्दांत? आणि एका किटवर रेघ उमटली, म्हणजे रिॲक्टिव्ह आलं, की पुढं काय करता?

माझ्यापुरतं सांगतो. क्षयाचा प्रत्येक पेशंट, प्रत्येक गरोदर बाई, गुप्तरोगाची लक्षणं घेऊन आलेला कुणीही, यांना मी विचारतोच. त्याखेरीज तरुण वयात आलेली नागीण, तोंडात दह्यासारखा पांढरा थर, महिन्यावर टिकलेला ताप किंवा जुलाब, कारण सापडत नाही असं उतरणारं वजन, पुन्हा पुन्हा होणारा न्युमोनिया. आणि जो स्वतःहून मागतो तो. त्याला 'कशाला हवी?' असं विचारायचं नाही. तो दारापर्यंत आला हेच खूप.

लॅबवाला_खानापूर

डॉक्टर, लॅबवाल्यांना झोडपण्याआधी आमचंही ऐका. तुमच्यासारखेच डॉक्टर चिठ्ठीवर 'एचआयव्ही' लिहून पाठवतात. पेशंटला विचारलंय का, तर नाही. आम्ही विचारलं की पेशंट म्हणतो, "डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलंय, काय ते माहीत नाही."

पण त्या कागदाबद्दल तुमचं बरोबर आहे. एका किटवर रिॲक्टिव्ह म्हणजे 'पुढे तपासा', बस. यामागचं गणित आमच्या लाइनमध्येही पुष्कळांना ठाऊक नाही, म्हणून मांडतो.

देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के. म्हणजे सरसकट दहा हजार लोक तपासले तर त्यात अंदाजे २० जण खरे बाधित. आता किट चांगलं आहे असं धरू, विशिष्टता (निरोगी माणसाला निरोगीच दाखवण्याचं प्रमाण) ९९.५ टक्के. उरलेल्या ९,९८० निरोगी लोकांपैकी अर्धा टक्का चुकून रिॲक्टिव्ह येणार, म्हणजे जवळपास ५०. एकूण रेघ उमटली ७० जणांना, खरे त्यातले २०. किटमध्ये काही खोट नाही, तरीही दहातल्या सात जणांना तुम्ही उगाच हादरवलंत.

हेच किट जोखीम जास्त असलेल्या गटात वापरलं तर खोट्या रेघांचा वाटा घटतो. गरोदर बायकांची सरसकट तपासणी आपण करतो ती करायलाच हवी, पण तिथं प्रमाण कमी असतं. एका रेघेवर विश्वास टाकायचा नाही, हे तिथं सगळ्यात जास्त लागू.

कुंदाप्रेमी

मी डॉक्टर नाही, किराणा दुकान आहे. म्हणजे रिपोर्ट रिॲक्टिव्ह आला तर घाबरायचं नाही म्हणता? मग तपासणी करायचीच कशाला?

समुपदेशनवाली

@कुंदाप्रेमी, चाळणी दोनदा-तीनदा मारतात तसं समजा. पहिली चाळणी मुद्दाम बारीक ठेवलेली असते, एकही खरा माणूस निसटू नये म्हणून. त्यामुळे पहिली चाचणी निगेटिव्ह आली तर आम्ही तसाच रिपोर्ट देतो. रिॲक्टिव्ह आली तर आणखी दोन वेगळ्या किटवर तपासतो. वेगळ्या म्हणजे दुसऱ्या तत्त्वावर चालणाऱ्या किंवा दुसरे अँटिजेन (विषाणूचे अंश) वापरणाऱ्या. त्याच कंपनीचं तेच किट तीनदा लावणं म्हणजे तीन चाचण्या नव्हेत.

तिन्ही रिॲक्टिव्ह आल्या तरच 'पॉझिटिव्ह' लिहायचं. पहिली रिॲक्टिव्ह आणि पुढच्या दोन्ही नाहीत, तर निगेटिव्ह. पहिली रिॲक्टिव्ह आणि पुढच्या दोन एकमेकींशी जुळत नाहीत, तर अनिश्चित, आणि १४ ते २८ दिवसांनी पुन्हा बोलवायचं. हा मधला काळ पेशंटसाठी फार वाईट असतो. "आता तुम्हाला झालाय असंही नाही आणि नाही असंही नाही" हे माणसाला पचत नाही. रात्री फोन येतात.

हे सगळं आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात, फुकट होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोट टोचून जी तपासणी करतात ती पहिली चाळणी. तिथं रेघ दिसली की आयसीटीसीला पाठवायचं, आणि तिथल्या सिस्टरनं 'पॉझिटिव्ह' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. "ही प्राथमिक तपासणी आहे, नक्की कळायला अजून तपासणी लागेल, मी केंद्रात फोन करून ठेवते, उद्या दहाला जा." एवढंच बोला. 'उद्या दहाला' हा भाग सोडू नका. नुसतं 'सिव्हिलला जाऊन या' म्हटलं की माणूस बसस्टँडवरूनच परत फिरतो.

टाके_घालणारा

मी सर्जन. स्पष्टच लिहितो. ऑपरेशनआधी मी तपासणार, आणि प्रत्येकाची तपासणार. सुई माझ्या बोटाला टोचते, कायदा करणाऱ्यांच्या नाही. पेशंटला विचारत बसलो आणि तो नाही म्हणाला तर? उगाच भाबडेपणा नको.

वेदगंगा

@टाके_घालणारा, भीती खोटी नाही, पण त्या तपासणीनं तुमचं संरक्षण होतं हे मला पटत नाही. नुकती लागण झालेली असेल तर साध्या रॅपिड टेस्टला ती आठवडेच्या आठवडे दिसत नाही, आणि नेमकं त्याच दिवसांत रक्तात विषाणू सर्वांत जास्त असतो. निगेटिव्ह रिपोर्ट पाहून तुम्ही एकच ग्लोव्ह घालणार आणि टोचायची ती तेव्हाच टोचणार. शिवाय हिपॅटायटिस बी घ्या. लस न घेतलेल्याला सुईतून बी लागायची शक्यता एचआयव्हीच्या कैक पट जास्त. एचआयव्हीची शक्यता एका टोचणीमागे साधारण ०.३ टक्के. तुमच्या थिएटरमधल्या मावशींना बीची लस दिलीय का?

प्रत्येक पेशंट बाधित आहे असं धरून काम करणं हाच सुरक्षित मार्ग. मग रिपोर्ट काहीही येवो.

आणि कायदा. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. समजावून, राजीखुशीनं घेतलेल्या संमतीशिवाय तपासणी करायची नाही. अपवाद मोजके: कोर्टाचा हुकूम, रक्तपेढीतली रक्ताची तपासणी, अवयव वगैरे घेताना, आणि नाव न ठेवता केलेली साथीची पाहणी. 'ऑपरेशनआधी' हा अपवाद त्यात नाही. रिपोर्ट पाहून पेशंटला वाटेला लावणं तर सरळ सरळ भेदभाव.

टाके_घालणारा

वाटेला लावतो असं मी म्हटलं नाही.

मांडेवाली

तुम्ही लावत नसाल, पण लावतात. स्टाफ नर्स म्हणून काम केलंय. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. फाईलवर लाल स्टिकर, बेड कोपऱ्यात, ऑपरेशन दिवसाच्या शेवटी, आणि बिलात 'स्पेशल किट' म्हणून जादा रक्कम. शेजारच्या बेडवरच्या नातेवाइकांना दुपारपर्यंत सगळं कळायचं. कुणी सांगायची गरजच नाही, स्टिकर बोलतंय की. नाहीतर "इथं आयसीयू नाही, मोठ्या ठिकाणी न्या" असं सांगून कोल्हापूरचा रस्ता दाखवायचा. हर्नियाला आयसीयू कशाला लागतो?

@टाके_घालणारा सर, विचारलं तर लोक नाही म्हणत नाहीत हो. "ऑपरेशनआधी रक्ताच्या काही तपासण्या सुचवतो, त्यात एचआयव्ही आणि कावीळही आहे. करायची का? नको म्हणालात तरी ऑपरेशन होणार आहे." शंभरात एखादा नको म्हणेल. हे शेवटचं वाक्य मात्र खरं असलं पाहिजे.

हिरण्यकेशी

मुद्दा सोडून थोडं, पण इथलंच आहे म्हणून लिहितो. खानापूर काय, बेळगावच्या पश्चिमेची खेडी काय, म्हातारी माणसं मराठीच वाचतात. छापील संमतीपत्रं बहुतेक कन्नडमधून, नाहीतर इंग्रजीतून. तिकडं बैलहोंगल-रामदुर्गचा कन्नड माणूस कोल्हापूरला-मिरजेला गेला की त्याच्यापुढं मराठी कागद. दोघंही अंगठा नाहीतर सही ठोकून मोकळे. ही कसली संमती?

समुपदेशनवाली

मुद्दा सोडून अजिबात नाही. कायद्यात संमतीची जी व्याख्या आहे त्यातच लिहिलंय की माहिती त्या माणसाला समजेल अशा भाषेत आणि समजेल अशा पद्धतीनं द्यायची. म्हणजे कन्नड कागदावर मराठी बाईची सही घेतली आणि तोंडी काही समजावलं नाही, तर ती संमती धरता येत नाही. उलट बाजूनंही तेच. इथं सीमावाद आणायचं काम नाही.

फक्त एक काळजी घ्या. दुभाषा म्हणून पेशंटबरोबर आलेला दीर किंवा गावचा पोरगा वापरू नका. नवऱ्यासमोर बायकोला "तुमचे कुणाशी संबंध होते का" असं विचारलं, तर ती काय उत्तर देणार? नातेवाइकांना पाच मिनिटं बाहेर बसवा. "तपासायचंय, जरा बाहेर थांबा" एवढं पुरतं.

आणि खरं तर तपासणी सुचवायला तो प्रश्न विचारायची गरजच नसते. "क्षयाच्या सगळ्याच पेशंटना आम्ही ही तपासणी सुचवतो" म्हटलं की माणसाला आपल्यावर बोट दाखवल्यासारखं वाटत नाही. जोखमीचं बोलणं नंतर, एकांतात, त्याची तयारी असेल तेवढंच.

आशा_हुक्केरी

होय की ओ. पण आमचं कोण ऐकतंय? गरोदर बाईला घेऊन मी केंद्रावर गेले की परत येताना सासू वाटेतच विचारते, "सगळं नॉर्मल हाय नव्हं?" मी काय सांगायचं? गप्प बसले तर म्हणतात, काहीतरी हाय. आणि सगळ्या तपासण्यांची नोंद रजिस्टरात. ते रजिस्टर माझ्या घरात, माझी पोरं वाचतात. म्हणून विचारूलोय, काय करायचं ते सांगा.

समुपदेशनवाली

ताई, सगळ्यांना एकच ठरलेलं उत्तर द्या, निगेटिव्ह असणाऱ्यांच्या सासवांनाही. "रिपोर्ट ज्याचा त्यालाच देतात, मला सांगत नाहीत." दहा घरांत हेच सांगितलंत की अकराव्या घरात कुणाला वेगळं वाटणार नाही. फक्त पॉझिटिव्ह बाईच्या वेळीच गप्प बसलात तर सगळं फुटलं.

रजिस्टरात 'तपासणी झाली: होय/नाही' एवढंच लिहा. निकाल त्यात लिहायचा नाही. एचआयव्हीची माहिती ज्या कागदावर असेल तो कुलपात ठेवायचा, हे कायद्यानंच आलं. मेडिकल ऑफिसरना सांगून कपाट मागून घ्या. आणि गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नावं टाकायला कुणी सांगितलं तर सरळ नकार द्या, वरचा अधिकारी असला तरी.

कृष्णाकाठ

वेदगंगा, त्या गरोदर बाईचं पुढं काय झालं ते सांगितलंच नाही.

वेदगंगा

आयसीटीसीत तिन्ही किटवर तपासलं. पहिली रिॲक्टिव्ह, पुढच्या दोन नाहीत. निगेटिव्ह. गरोदरपणात असं खोटं रिॲक्टिव्ह येऊ शकतं. नवऱ्याचीही केली, तीही निगेटिव्ह. सासूला कागद दाखवला तर म्हणाली, "आधीचा कागद खोटा आन् हा खरा, कशावरून?" बाई सासरी परत आली, पण गावात बोभाटा व्हायचा तो झालाच.

कुंदाप्रेमी

सुटली बिचारी!

नाव_नको

बऱ्याच दिवसांनी इथं लिहितोय, आणि या नावानं पहिल्यांदाच.

ती निगेटिव्ह निघाली आणि सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं. पण मी निगेटिव्ह निघालो नव्हतो. माझा कागदही असाच काउंटरवरून दुसऱ्याच्या हातात गेला होता. तिच्यावर अन्याय झाला तो निकाल चुकीचा होता म्हणून नव्हे. खरा असता तरी तेवढाच झाला असता.

अथणीकडचा आहे. गोळ्या सांगलीहून घेतो. बेळगावच्या सिव्हिलला फुकट मिळतात, तालुक्यालाही सोय आहे, पण तिथल्या रांगेत आमच्या गल्लीतलं कुणीतरी असणारच. तुम्ही डॉक्टर लोक म्हणता, "जवळचं केंद्र सोडून लांब कशाला जाता?" म्हणून सांगतो. सांगलीच्या रांगेत कन्नड माणसं पुष्कळ दिसतात आणि तिकडचेही काही इकडं येत असणार. कुणी कुणाला ओळख देत नाही.

दररोज एक गोळी, रात्री जेवणानंतर. रक्तातला विषाणू आता मोजता येण्याच्या खाली आहे. डॉक्टर म्हणाले असं टिकलं तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे वाक्य मला पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर मधली दोन वर्षं मी कर्नाटकात-महाराष्ट्रात बुवा-वैदू शोधत फिरलो नसतो. रिपोर्ट देताना तुम्ही पंधरा मिनिटं बोलता, त्यातलं माणसाला एकच वाक्य आठवतं. ते कोणतं असावं याचा विचार करा.

समुपदेशनवाली

@नाव_नको, लिहिलंत हे फार बरं केलंत. आता त्या दिवशी मी आधी हेच सांगते: औषध आहे, फुकट आहे, आजच नाव घालू. २०१७ पासून धोरणच असं आहे की सीडी४ (रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा) कितीही असो, प्रत्येक बाधिताला औषध सुरू करायचं. पूर्वीसारखं आकडा खाली येईपर्यंत थांबायचं नाही. जुन्या डॉक्टरांच्या डोक्यात अजून 'सीडी४ चांगला आहे, नंतर बघू' बसलंय, ते काढून टाका. केंद्र बदलायचं असेल तर ट्रान्सफर मिळते, राज्याबाहेरही. मध्येच गोळ्या सोडून दुसरीकडं नव्यानं नाव घालू नका. नवीन ठिकाणी पुन्हा चाचणी होते, आणि औषधावर असलेल्या माणसात क्वचित ती चाचणी फसवी निगेटिव्ह येते.

बुवांचा धंदा यावरच चालतो. "माझ्या काढ्यानं निगेटिव्ह झाला, हा बघा कागद." एकदा तिन्ही चाचण्यांनी निदान झालं की पुन्हा रॅपिड टेस्ट करून काही उपयोग नाही. बघायचा तो व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते.

कृष्णाकाठ

ऊसतोडीच्या टोळ्यांबद्दल कुणी बोलेल का? आमच्याकडं रायबाग-कागवाडला दिवाळीनंतर बीड-धाराशिवकडच्या (पूर्वीचं उस्मानाबाद) टोळ्या येतात, चार-पाच महिने पालं ठोकून राहतात. कारखाना बंद झाला की गेल्या. त्यातल्या गरोदर बायकांची तपासणी इथं होते, रिपोर्ट येईपर्यंत टोळी दुसऱ्या फडावर. उलट आमच्याकडचे तरुण गोव्याला, मुंबईला.

वेदगंगा

म्हणून रिपोर्ट तिथल्या तिथं देणारी रॅपिड चाचणीच बरी. रक्त घेऊन 'आठवड्यानं या' म्हणणं टोळीतल्या बाईला लागूच पडत नाही. एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही एकाच थेंबात तपासणारं किट आता गरोदर बायकांसाठी वापरतात, वीस-पंचवीस मिनिटांत कळतं. रिॲक्टिव्ह आलं तर त्याच दिवशी, जमलं तर स्वतःच्या गाडीनं, आयसीटीसी. मुकादमाला मधे घालायचं नाही. त्याला फक्त 'दवाखान्याचं काम आहे' एवढं सांगायचं. आणि पॉझिटिव्ह असेल तर कागद तिच्या हातात, गावाकडच्या केंद्राला फोन इथूनच.

बाळंतपण अंगावर आल्यावर पहिल्यांदाच दिसणारी बाईही असते, आधी कुठंच तपासणी नाही. तिथं लेबर रूममध्येच विचारून चाचणी करायची आणि एका किटवर रिॲक्टिव्ह आली तरी आईचं आणि बाळाचं औषध सुरू करायचं, पक्कं निदान मागाहून. एका रेघेवर काही ठरवू नका असं वर आलंय, त्याला हा अपवाद. इथं थांबण्याची किंमत बाळ मोजतं.

हिरण्यकेशी

सौंदत्तीच्या जत्रेत तपासणीचे स्टॉल लावतात तसं सगळीकडं करावं का?

मांडेवाली

जत्रेतला स्टॉल चालतो, पण लावणाऱ्यानं आधी विचार करावा की रेघ आली त्या माणसाला एकांतात कुठं बसवणार. तंबूच्या एका कनातीमागं लाउडस्पीकर चालू असताना नाही सांगता येत. आणि अजून एक. जोगतिणी दिसल्या की त्यांनाच धरून आणायचं, हे बंद करा. देवदासी सोडण्यावर कर्नाटकात १९८२ च्या कायद्यानं बंदी आली, पण त्या बायकांकडं बघण्याची नजर काही बदलली नाही. कपाळावरचा भंडारा पाहून आजार ओळखता येत नाही. त्यांच्यापैकी कित्येक जणी स्वतः संघ करून तपासणीला येतात, तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहिती असते त्यांना.

लॅबवाला_खानापूर

लहान बाळांचं एक राहिलं. पॉझिटिव्ह आईच्या बाळाची नेहमीची अँटिबॉडी टेस्ट (विषाणूविरुद्ध शरीरानं केलेली प्रथिनं शोधणारी) करून 'पॉझिटिव्ह' लिहिलेला कागद माझ्याकडं आला होता, वय तीन महिने. १८ महिन्यांपर्यंत आईच्या अँटिबॉडी बाळात असू शकतात, त्या टेस्टला काही अर्थ नाही. ६ आठवड्यांनी टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन पीसीआरला (थेट विषाणू शोधणाऱ्या चाचणीला) पाठवायचे. ते आयसीटीसीतच होतं. सहा आठवड्यांच्या लसीच्या वेळी बाळ येतंच, तेव्हाच गाठा. त्या वेळी निगेटिव्ह आलं तरी तिथंच संपत नाही, १८ महिन्यांपर्यंत पुन्हा पुन्हा तपासायचं.

आशा_हुक्केरी

बाईनं नवऱ्याला सांगायचं नाही म्हटलं तर? आम्ही सांगायचं का?

समुपदेशनवाली

नाही ताई. आधी तिलाच तयार करायचं, "दोघांनी मिळून या, मी सांगते तुमच्यासमोर" असं. बहुतेक वेळा एवढ्यानं जमतं. जोडीदाराला धोका आहे आणि ती सांगणारच नाही अशी खात्री झाली, तर डॉक्टर किंवा समुपदेशक सांगू शकतात, तेही तिला आधी कल्पना देऊन, जोडीदाराला समोर बसवून. पण सांगितल्यानं मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असेल, विशेषतः बाईच्या बाबतीत, तर सांगायचं नाही. हेही कायद्यात आहे. आशाताई, आरोग्यसेविका, लॅबवाले यांना तर हा अधिकार नाहीच.

कुंदाप्रेमी

आता एक विचारतो. माझ्या एका मित्राचं आहे. गोव्यात काहीतरी घडलं, पाच दिवस झाले. आज तपासलं तर कळेल का?

समुपदेशनवाली

मित्राला सांगा, आज तपासलं तर फक्त आधीचं कळेल. त्या रात्रीचं कळायला थांबावं लागतं. लॅबमधली चौथ्या पिढीची (अँटिबॉडीबरोबर विषाणूचा अंशही शोधणारी) चाचणी साधारण १८ ते ४५ दिवसांत पकडते, बोट टोचून होणारी अँटिबॉडी चाचणी २३ ते ९० दिवसांत. तर आज एक, सहा आठवड्यांनी एक, तीन महिन्यांनी एक. तोवर कंडोम, आणि रक्तदान अजिबात नाही. 'तिथं फुकट तपासून मिळतं' म्हणून काही जण शिबिरात जातात. त्या काळात दिलेलं रक्त चाचणीतून निसटून कुणाला तरी चढू शकतं.

प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू करायच्या असतात, ती वेळ गेली. पुढच्या वेळी तिसऱ्या दिवसाच्या आत यायला सांगा. फोनवर बोलायचं असेल तर १०९७, पैसे लागत नाहीत, नाव विचारत नाहीत.

टाके_घालणारा

गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर विचारतो, गंभीरपणे. रात्री दोनला थिएटरमध्ये सुई टोचली तर? आमच्याकडं कपाटात काही नसतं.

वेदगंगा

जखम साबण-पाण्यानं धुवा. पिळू नका, स्पिरिट-ब्लीच ओतू नका, बोट तोंडात घालू नका. डोळ्यात उडालं असेल तर साध्या पाण्यानं धुवा. पहिला डोस जितक्या लवकर तितका चांगला, दोन तासांत मिळाला तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. पेशंटच्या रिपोर्टसाठी डोस अडवून ठेवायचा नाही. त्याची तपासणी त्याला विचारून, डोस पोटात गेल्यावर. निगेटिव्ह आला आणि नुकत्या लागणीचा संशय नसेल तर गोळ्या बंद करता येतात. नाहीतर २८ दिवस पूर्ण. ज्याला टोचलं त्याचीही त्याच दिवशी बेसलाइन (सुरुवातीची) चाचणी, मग ६ आठवडे, ३ महिने, ६ महिने.

गोळी तीच, जी नाव_नको रोज रात्री घेतात.

कपाटात नाही म्हणालात. स्टाफला ग्लोव्ह, गोळ्या आणि प्रशिक्षण देणं ही कायद्यानं हॉस्पिटलच्या मालकाची जबाबदारी, आणि तुमच्याकडं मालक तुम्हीच असाल. सोमवारी जिल्ह्याच्या एआरटी केंद्राला (एचआयव्हीचं औषध देणाऱ्या) फोन करा, पहिल्या काही डोसांचं पाकीट ठेवायची सोय विचारा. पाकीट कुठं ठेवलंय ते रात्रपाळीच्या सिस्टरना आणि मावशींना दाखवून ठेवा, एक्स्पायरीची तारीख बाहेरून मोठ्या अक्षरात लिहा.

टाके_घालणारा

फोन करतो. बीच्या लसीचंही बघतो, मावशींचं खरंच कुणी केलेलं नाही.

मांडेवाली

सर, बीचे तीन डोस असतात, पहिला, महिन्यानं दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. दुसरा झाला की लोक विसरतात. रजिस्टरला तारखा घालून ठेवा.